थोरली पाण्यात गेली तो दिवस

"अहो, हे तुम्हीच की!" असं म्हणून बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा तो काचेच्या कपाटातल्या एका जुन्या वेल्डिंग हेल्मेटकडे बघत उभा होता. असलं हेल्मेट त्यानं अर्धं आयुष्य डोक्यावर वागवलं होतं. आत घामाचा आणि जळक्या चामड्याचा वास मारायचा, हनुवटीला खाज सुटायची आणि दोन्ही हात कामात अडकलेले असल्यामुळे खाजवताही यायचं नाही. आता तेच हेल्मेट निळ्या मखमलीवर ऐटीत बसलं होतं आणि खाली पाटी होती, 'हात लावू नये'. त्याला हसू येत होतं. गोदीनं आपल्या इतिहासाचं दालन उघडलं होतं, निवृत्त कामगारांना सहकुटुंब बोलावलं होतं, चहाबिस्किटांची सोय केली होती, आणि जिथे पूर्वी नटबोल्टांचं कोठार होतं तिथे आता गुळगुळीत फरशीवर बुटांचा आवाज होत होता. बायकोनं दाखवलेल्या भिंतीकडे त्यानं मान वळवली. तिथे भिंतभर मोठा केलेला एक फोटो होता. मागे पाणबुडीचं काळंभोर पोट अर्धं पाण्यात, पुढे बोटी पाण्यात सोडायच्या ओल्या उतारावर कामाच्या कपड्यांतली काही माणसं, आणि मधोमध एक तरणाताठा गडी, केस निथळताहेत, एक हात वर, आणि तोंड फाकून हसतोय. बाकीच्यांच्या खाली पितळी पट्ट्यांवर नावं कोरली होती. याच्या खालची पट्टी कोरी होती.

"छे," तो म्हणाला. "मी कुठला? मी नव्हतोच त्या दिवशी. आईजवळ होतो." कुणी पत्ता विचारावा आणि आपण तो सांगावा, इतक्या सहज त्यानं ते सांगितलं. ही गोष्ट बायकोला पाठ होती, पोरांना पाठ होती, गोदीत तर सगळ्यांनाच. थोरली म्हणजे गोदीची पहिली पाणबुडी. कागदावर तिला नुसता आकडा होता, पण कामगार तिला थोरली म्हणायचे. तिच्यानंतर मधली झाली, धाकटी झाली, पुढे नाती पुरेनात म्हणून आकड्यांवरच भागवावं लागलं. थोरलीचे पोटातले निम्मे जोड याच्या हातचे, आणि ती पाण्यात गेली तेव्हा हा पठ्ठ्या उतारावर नव्हता, मरणाऱ्या आईचा हात हातात घेऊन घरी बसला होता. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं आणि सभागृह टाळ्या थांबवेना. त्याला पदक कधी मिळालं नाही. ही गोष्ट हेच त्याचं पदक होतं. ती सांगताना त्याचा आवाज किंचित खाली यायचा, आणि तो तसा येतो हे त्याला ठाऊकही होतं.

"मग हे कोण? तुमचा जुळा भाऊ?" बायको म्हणाली. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा फोटोला नाक लावलं. "कान बघा. हे असे सुपासारखे कान दुसऱ्या कुणाचे असायचे?" कान खरंच त्याचे होते. खांदाही, डावा जरा उतरता. पण हसणं ओळखीचं नव्हतं. आपण हसतो तेव्हा कसे दिसतो हे त्याला माहीतच नव्हतं. आरशासमोर उभं राहून कोण हसतं? मग त्याची नजर खाली तारखेवर गेली. ती तारीख आई गेली त्या दिवसाची होती. तसं बघितलं तर बरोबरच होतं, थोरली पाण्यात गेली आणि आई गेली तो दिवस एकच, असंच तर तो सांगत आला होता. तरी त्यानं ती पुन्हा एकदा वाचली, कारण दरवर्षी गोदीत थोरलीचा दिवस साजरा व्हायचा तो या तारखेला नव्हे. तो यायचा पुढच्या महिन्यात. आईची तारीख आली की तो दिवसभर गप्प असायचा, आणि मग थोरलीचा दिवस आला की कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणायचं, तुझी आई नाही का याच दिवशी, आणि तो मान हलवायचा. इतकी वर्षं तो मान हलवत होता. मध्ये पुरा महिना पडलेला आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, कॅलेंडर काही कुणी लपवलेलं नव्हतं, पण घरातला खांब जसा रोज दिसतो आणि दिसत नाही, तसं.

दालनाची व्यवस्था बघणारी तरुण बाई हसत पुढे आली. "काका, ओळखलंत ना? ही चोरटी अंघोळ. आता कुठे फोटो लावायची परवानगी मिळाली." चोरटी अंघोळ! हा शब्द त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि ऐकताच सगळं धडाधड अंगावर आलं. थोरलीला दोनदा पाण्यात सोडलं होतं. दुसऱ्यांदा सोडली ती झेंडे, बँड, पाहुणे आणि टोप्यांच्या थाटात, तोच गोदीचा साजरा करायचा दिवस. पण पाहुण्यांच्या देखत बोट गळायला लागली तर कुठे तोंड दाखवणार, म्हणून महिनाभर आधी तिला गुपचूप उतारावरून खाली सोडलं, जोड पाझरतात का ते बघितलं आणि पुन्हा वर ओढून घेतलं. त्या दिवशी फाटकं बंद होती, फोनच्या तारा काढून ठेवल्या होत्या, आत होते ते आत आणि बाहेर होते ते बाहेर. संध्याकाळी घरी सोडताना साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं होतं, "आज काही झालेलं नाही. घरी विचारलं तर रंगकाम चाललंय म्हणून सांगा." हे त्याला आठवलं. पण हे त्याला त्या ओळीत उभा असल्यामुळे आठवत होतं, की दुसऱ्या कुणी नंतर सांगितल्यामुळे, ते काही केल्या कळेना.

तेवढ्यात ठोक्या आला. ठोक्या म्हणजे जोडावर हातोडीनं ठोकून कान लावणारा त्याचा जुना सोबती; त्या ठोकण्यापायी त्याचे दोन्ही कान गेले होते आणि आता तो सगळ्या जगाशी ओरडून बोलायचा. "अरे, तूच तो!" तो ओरडला आणि दालनातले सगळे वळून बघू लागले. "मीच बादली उपडी केली नव्हती का तुझ्या डोक्यावर? आतून बाहेर आलास आणि म्हणालास, कोरडी ठणठणीत आहे पोरगी! विसरलास?" बाई लगेच पुढे झाली. "मग नाव घालू या ना, काका? एवढी एकच पट्टी राहिलीय. दालनात तुमचा हा एकच फोटो आहे." ठोक्याचं काय खरं धरावं म्हणा. त्याच भिंतीवरच्या दुसऱ्या एका फोटोत तो स्वतःला दोन ठिकाणी दाखवत होता. पण बायकोचा चेहरा असा फुलला होता, की तिला तिथल्या तिथे नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. "पुढच्या रविवारी सांगतो," तो म्हणाला. "असं काय सांगायचंय पुढच्या रविवारी?" बायको घरी येईपर्यंत विचारत राहिली.

घरी येऊन तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि त्यानं आईची खोली आठवायला घेतली. भिंतीला लावलेली खाट होती, पायाशी घडी केलेलं पांघरूण, औषधाच्या बाटलीवर उलटा घातलेला पेला. आईचा हात त्याच्या हातात. हात कोमट होता, अगदी नक्की, थंड नाही, गरम नाही, कोमट. या एका गोष्टीवर तो आजवर उभा होता, आणि आता त्याच गोष्टीशी तो घुटमळला. कारण कोमट म्हटल्याबरोबर दुसरंच काहीतरी आठवलं, ते म्हणजे पोलाद. पाणबुडीचं जाड पोलाद थंड असताना जोडत नाहीत, आधी शेकावं लागतं, नाहीतर जोड आतून तडकतो. शेकलेल्या कडीवर, म्हणजे ज्या जोडून बोटीचं पोट होतं त्यातल्या एका गोल पोलादी कडीवर, पंजा ठेवून बघायची त्याची खोड होती. उष्णता मापायला वितळणारे खडू होते, यंत्रं होती, पण याचा विश्वास पंजावर. किती हजार वेळा त्यानं तसा पंजा ठेवला असेल! मग हा जो हाताला लक्षात राहिलेला कोमटपणा आहे तो कुणाचा? हातालाच विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला. बायकोनं चहा पुढे ठेवला आणि "भाजलं का काही?" म्हणून विचारलं.

आणि आई बोलली होती. "आलास?" एवढंच म्हणाली होती, डोळे न उघडता. हे तर कुणी सांगून लक्षात राहिलेलं असणं शक्य नव्हतं, हे त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. पण आई रोजच म्हणायची, "आलास?" रात्रपाळी संपवून सकाळी दार ढकललं की आतून तोच प्रश्न, तोच आवाज, वर्षानुवर्षं. तिला तो कुठून येतो हेही धड माहीत नव्हतं. गोदीच्या फाटकावर तेव्हा 'बोट दुरुस्ती कारखाना' अशी पाटी होती आणि घरी सांगायचं ते टाक्या करतो म्हणून. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, पाण्याच्या की तेलाच्या, आणि हा गडबडून म्हणाला, दोन्ही. शेजाऱ्यांनी गच्चीवरच्या टाकीसाठी सवलत मागून मागून पिच्छा पुरवला; शेवटी हा फुगून बसलाय, कामाचा माज आलाय, असं ठरलं आणि त्यांनी नाद सोडला. सुरुवातीला सगळी मजाच होती. तो चिखलाचा काठ, वर गळकी पत्र्याची शेड, परक्या भाषेतले नकाशे. पहिली कडी बाहेरून आलेल्या तज्ज्ञानं बोटानं चाचपून बाद केली, दुसरी बाद केली, तिसऱ्या वेळी तो काही न बोलता शिट्टी वाजवत निघून गेला आणि सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मासेमारीच्या होड्या बांधणारे हात पाणबुडी बांधायला शिकले, आणि घरी येऊन टाक्यांच्या गप्पा मारायलाही शिकले. खोटं बोलणं हा कामाचाच एक भाग होता, वेल्डिंगचा होल्डर धरण्यासारखा. ते खोटं आहे असं मनात यायचंही बंद झालं होतं.

मग असं झालं असेल का? रात्रपाळी संपवून सकाळी त्यानं घरी जायचं आणि आईजवळ बसायचं, कारण ताई, त्याची मोठी बहीण, आईजवळ रात्रभर जागून सकाळच्या गाडीनं आपल्या घरी जाणार. हे ठरलेलं होतं, एवढं नक्की. शेजारच्या आजींना लक्ष ठेवायला सांगून, दार नुसतं लोटून ताई निघाली असेल, हा आता येईलच म्हणून. आणि इकडे फाटकं बंद झाली. हा थोरलीच्या पोटात, हातात विजेरी, एकेका जोडावरून तळवा फिरवत, ओल लागते का बघत. बाहेरून पाणी चढत होतं आणि पोलाद हळूहळू गारठत चाललं होतं. त्या वेळी आई खाटेवर होती. संध्याकाळी तो घरी पोचला असेल तोवर आई गेलेली असेल; तो खाटेजवळ बसला असेल, हात हातात घेतला असेल. निरोप मिळून ताई धावत आली असेल आणि दारातच म्हणाली असेल, "तू होतास ना रे जवळ?" होतो कुठे, ते सांगायची परवानगी नव्हती. रंगकाम चाललं होतं असं गेलेल्या आईच्या उशाशी बसून सांगायचं? तो म्हणाला असेल, "होतो." तेवढं एक खोटं. आणि महिनाभरानं झेंडे लागले, बँड वाजला, तेव्हा तो घरीच बसून राहिला, आईच्या दुःखात जावंसंच वाटलं नाही. आईमुळे गेलो नाही, हे खरं. मग बोलता बोलता दोन दिवसांचा एक दिवस झाला असेल. असं झालं असेल. असंच झालं असेल असंही नाही. कारण फोटोतला माणूस हसत होता, आणि आई वाट बघत असताना आपण हसलो असू, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना. पण मग आपल्याला ते कुठे माहीत होतं तेव्हा? बोट कोरडी निघाली होती. आईकडे ताई आहे, आजी आहेत, म्हणून हसलो असू. तो खुर्चीतून उठला आणि कशासाठी उठलो ते न आठवून पुन्हा बसला. त्याला भीती वाटत होती. मरणाची वाटते तशी नव्हे. आपण आजवर कुणा दुसऱ्याच माणसाचं आयुष्य सांगत आलो की काय, अशी.

आठवड्याच्या मध्येच ताईचा फोन आला. बायकोनं अर्थातच तिला सगळं कळवलं होतं. "अरे, भिंतभर फोटो म्हणे तुझा! मी येतेय रविवारी बघायला," ताई म्हणाली. तिचा आवाज हल्ली बारीक झाला होता. "नक्की माझा नाहीये तो, ताई." "वहिनी तर म्हणते कानांसकट तूच." मग तिनं विचारलं, "कधीचा फोटो रे? झेंडे लावले होते तेव्हाचा ना?" त्याला हो म्हणायचं होतं, ते सोपं होतं, आणि का कोण जाणे, तो फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. ताई आपल्याच नादात बोलत राहिली. आताशा तिला आईची फार आठवण यायची. "एक सांगू? मी त्या दिवशी निघून आले ना, त्याचं मला फार लागलं असतं. पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून निघाले, नाहीतर राहिले असते. पण तू होतास म्हणून मला झोप लागली रे इतकी वर्षं. आई एकटी गेली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे." त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या कानाला तरी काही वेगळं ऐकू येईल असं त्याला वाटलं असावं. "ताई," तो म्हणाला, "तू कशाला एवढी दगदग करतेस? फोटोच आहे एक." "येणार," ती म्हणाली. "भाऊ इतिहासात गेलाय आणि मी घरात बसू?"

रविवारपर्यंत त्यानं दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. नाव घालू द्यावं. ते खरं असेल तर खरं, आणि त्या भिंतीवर दुसरं कुठे आहे आपलं काही? जोड तर रंगाखाली गेले, रंग पाण्याखाली गेला, आणि थोरलीलाही मोडीत काढून किती वर्षं झाली. नातवंडांना दाखवायला एक पट्टी तरी राहील. लगेच ताईचा आवाज कानात यायचा. आपण नव्हतो म्हटलं, तर आई मरताना तिच्याजवळ कुणीच नव्हतं. आपण होतो म्हटलं, तर हा हसणारा माणूस कोण? कधी वाटे, आई गेली तेव्हा आपण तिथेच होतो, आणि फोटोतला खरंच कुणी तिसराच, सुपासारख्या कानांचा. असे कान काय जगात एकालाच असतात? बायको म्हणाली, "तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं मला." तिच्या आवाजात राग नव्हता, ती हिरमुसली होती, आणि त्याला तिचंही वाईट वाटलं.

रविवारी दालनात गर्दी नव्हती. ताई काठी टेकत आली होती. बायको "वन्सं, सांभाळून" म्हणत तिच्या डाव्या बाजूनं चालली होती आणि उजव्या बाजूला तो. फोटोसमोर आल्यावर ताई थांबली. "अगं बाई!" ती म्हणाली, आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडंच राहिलं. तिनं फोटोतल्या माणसाकडे बघितलं, मग याच्याकडे, पुन्हा फोटोकडे. मग सावकाश वाकून तिनं खालचा मजकूर वाचायला घेतला. तिला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलायचे. 'थोरलीची पाण्यातली पहिली चाचणी,' आणि पुढे तारीख. तारखेपाशी तिचे ओठ थांबले. ती वाकलेलीच राहिली. त्याला वाटलं, आता हिला धरायला हवं, पण हात पुढे होईना. सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. काय सांगायचं तेच कळत नव्हतं, तरी सांगून टाकावं.

दालनाची बाई लगबगीनं आली. "मग काका, काय ठरलं? नाव घालायचं ना? कोरणारे आजच आलेत." त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी ताई सरळ झाली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. तिची पकड घट्ट होती.

"नाही हो, हा नव्हे तो," ती बाईला म्हणाली. "मी याची मोठी बहीण. याला अंगाखांद्यावर खेळवलंय मी, मला कळणार नाही? हा त्या दिवशी आमच्या आईजवळ होता. ती गेली तेव्हा तिचा हात याच्या हातात होता."

"पण वन्सं," बायको म्हणू लागली.

"नव्हे म्हणते ना मी!" ताई म्हणाली. दालनात कुणी इतक्या मोठ्यानं बोललं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, फोटोकडेही बघितलं नाही, समोरच्या कोऱ्या पट्टीवर डोळे रोखून ती उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. फोटोतला माणूस आपणच, याबद्दल त्या क्षणी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

"बरोबर आहे ताईचं," तो म्हणाला. "मी नव्हतो."

बाईनं मान डोलावली आणि कोरणाऱ्या माणसाला हाक मारून पट्टीवर काय घालायचं ते सांगितलं, 'अनोळखी कामगार'.